लाल विंचवाचा दंश आणि हृदय-अकार्यक्षमता

लाल विंचवाच्या दंशानंतर काही तासांत हृदयाची कार्यक्षमता एकाएकी ढासळून फुप्फुसांत पाणी भरते, त्या अवस्थेस विंचूदंशजन्य तीव्र हृदय-अकार्यक्षमता असे म्हणतात. कोकणपट्टीत, विशेषतः रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत, हा विकार दीर्घकाळ मृत्यूचे एक नेहमीचे कारण होता. विंचू चावून माणूस दगावतो हे गावोगाव ठाऊक होते. तो नेमका कशाने दगावतो, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पुरेसे स्पष्ट नव्हते. या प्रश्नाचा उलगडा होऊन त्यावर स्वस्त व परिणामकारक उपचार सापडला, त्यात रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याच्या संशोधनाचा वाटा मोठा आहे. बावस्कर हे रूढ अर्थाने हृदयरोगतज्ज्ञ नव्हेत, सामान्य रोगचिकित्सक अर्थात फिजिशियन आहेत. तरीही तीव्र हृदय-अकार्यक्षमतेविषयीचे त्यांचे निरीक्षण जगभरच्या हृदयरोगविषयक साहित्यात उद्धृत झाले आहे.

संज्ञा

मराठी बोलीत ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ माणूस गेला असा होतो. वैद्यकात ‘हार्ट फेल्युअर’ या संज्ञेचा अर्थ तसा नाही. हृदय चालूच असते, परंतु शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास ते असमर्थ ठरते. डाव्या कप्प्यातून रक्त पुढे सरकले नाही की ते मागे तुंबते. मागे फुप्फुसे असल्यामुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो आणि रक्तातील द्रव वायुकोशांत झिरपतो. रुग्णाला आडवे पडवत नाही, धाप लागते, खोकल्याबरोबर पांढरा किंवा गुलाबी फेस येतो. ‘छातीत पाणी झाले’ असे घरची माणसे सांगतात, ते पुष्कळदा हेच असते.

उच्च रक्तदाब, हृदयविकाराचा झटका, झडपांचे आजार यांमुळे येणारी हृदय-अकार्यक्षमता बहुधा उतारवयात व वर्षानुवर्षांच्या झिजेतून येते. विंचूदंशातील अकार्यक्षमता हिच्याहून निराळी आहे. ती निरोगी हृदयात येते, लहान मुलांत व ऐन तारुण्यातील शेतकऱ्यांत येते, काही तासांत येते आणि रुग्ण त्या तासांतून तरला तर बहुतेक वेळा पूर्णपणे मावळते. म्हणूनच तिच्यामुळे होणारा प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा मृत्यू ठरतो, आणि या विषयाचे गांभीर्य त्यातच आहे.

लाल विंचू

भारतीय लाल विंचवाचे शास्त्रीय नाव ‘हॉटेनटोटा टॅम्युलस’ असे आहे. जुन्या लेखनात तो ‘ब्यूथस टॅम्युलस’ व नंतर ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ या नावांनी आढळतो. लांबी साधारण ५ ते ९ सेंटिमीटर, रंग तांबूस किंवा पिवळसर तपकिरी. नांग्या बारीक व शेपूट त्या मानाने जाड, ही त्याची सहज ध्यानात येणारी खूण. याउलट मोठ्या जाड नांग्यांचा काळा विंचू दिसण्यास भयंकर असला तरी त्याचे विष माणसाला सहसा प्राणघातक नसते. मोठ्या विंचवाला मराठीत इंगळी असे म्हणतात आणि तिची धास्ती अधिक बाळगली जाते. परंतु आकारावरून विषाची पारख करणे येथे फसवे ठरते.

हा प्राणी निशाचर आहे. जांभा दगडाचे गडगे, भाताच्या पेंढ्याच्या उडव्या, सरपणाचे ढीग, विटांचे थर, कौलारू छपरे, वापरात नसलेली पादत्राणे ही त्याची आवडती ठिकाणे. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा सरताना दंशाचे प्रमाण वाढलेले आढळते. अतिनील प्रकाशात विंचवाचे शरीर हिरवट निळे चमकते, त्यामुळे अंधारात तसला दिवा घेऊन त्याचा शोध घेता येतो.

विष हृदयापर्यंत कसे पोहोचते

विंचवाचे विष हृदयाचे स्नायू सापाच्या विषासारखे विरघळवत नाही, रक्तही नासवत नाही. ते लहान लहान प्रथिनांचे मिश्रण असून त्यांचे लक्ष्य चेतातंतूंच्या पटलावरील सूक्ष्म द्वारे हे असते. या द्वारांतून सोडियम, पोटॅशियम यांचे आयन ये-जा करतात व त्यातूनच चेतासंदेश निर्माण होतो. विषातील काही प्रथिने सोडियमची द्वारे वेळेवर बंद होऊ देत नाहीत. काही पोटॅशियमची द्वारे अडवून धरतात. पोटॅशियमची विशिष्ट द्वारे अडवणारे ‘आयबेरिओटॉक्सिन’ हे प्रथिन याच विंचवाच्या विषातून वेगळे करण्यात आले आणि आज ते जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनाचे साधन म्हणून वापरले जाते. कोकणातील गडग्याखालचा हा जीव शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासाला असा उपयोगी पडला, हे नमूद करण्यासारखे आहे.

द्वारे उघडी राहिल्याने चेतातंतू थांबत नाहीत. संदेशामागून संदेश सुटत राहतात. शरीराचे स्वायत्त चेतासंस्थेवर, म्हणजे आपल्या इच्छेविना हृदय, रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी व आतडी यांचे नियमन करणाऱ्या यंत्रणेवर, असलेले नियंत्रण सुटते. या अवस्थेस वैद्यकीय साहित्यात ‘स्वायत्त वादळ’ म्हटले जाते आणि ती उपमा समर्पक आहे. हे वादळ दोन टप्प्यांत येते. प्रथम परानुकंपी चेतांचा जोर: उलट्या, भरभरून घाम, लाळ, नाडी मंद होणे, पुरुषांमध्ये व मुलग्यांमध्ये शिश्नाचा वेदनारहित ताठरपणा. त्यापाठोपाठ अनुकंपी चेतांचा जोर येतो, व तोच घातक.

अनुकंपी चेतांच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन प्रचंड प्रमाणात रक्तात उतरतात. सर्व शरीरातील लहान धमन्या आवळल्या जातात. हातपाय थंडगार पडतात, कारण त्वचेकडे रक्त जात नाही. रक्तदाब मात्र चढलेला असतो. शेतावरच्या पंपाची नळी पुढे कोणी चिमटून धरली तर पंपाची जी गत होते तीच डाव्या कप्प्याची होते: पुढचा अडथळा वाढत जातो, पंप जोर लावतो, आणि अखेर मागे पाणी तुंबते. येथे मागे म्हणजे फुप्फुसांत. दंशानंतर अर्ध्या तासापासून सुमारे दहा तासांपर्यंत केव्हाही हे घडू शकते.

याच्या जोडीला चयापचयातही बिघाड होतो. त्याच संप्रेरकांमुळे स्वादुपिंडातून इन्शुलिनचा स्राव दबतो, यकृतातील साठवलेली साखर रक्तात येते, मेदाम्लांचे प्रमाण वाढते. अतिश्रम करणाऱ्या हृदयस्नायूला साखर वापरता येत नाही आणि मेदाम्लांच्या अतिरेकाने त्याला इजा होते व ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. या अंगाचा पाठपुरावा मुंबईतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ के. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून केला व इन्शुलिन-ग्लुकोजच्या उपचाराचा पुरस्कार केला.

लक्षणे आणि धोक्याची खूण

बहुसंख्य विंचूदंशांत केवळ वेदना होतात आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी बरा असतो. प्रश्न असतो तो उरलेल्यांचा, आणि हे उरलेले कोण ते पहिल्या तासा-दोन तासांत ओळखण्याचा. गावात सर्वसाधारण समज असा की, जितकी कळ मोठी तितके विष मोठे. वैद्यकीय निरीक्षण जवळजवळ याच्या उलट आहे. ज्या रुग्णाला असह्य कळ आहे पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय ऊबदार आहेत, त्याला सहसा धोका नसतो. ज्याची कळ फारशी नाही, परंतु कपडे घामाने चिंब झाले आहेत, दोनदा-तीनदा उलटी झाली आहे, हातपाय गार पडत आहेत, त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. पुढे उपचाराने रुग्ण सावरू लागला की दंशाच्या जागची कळ पुन्हा जाणवू लागते. ती सुधारणेची खूण मानली जाते.

उपचाराविना पडलेल्या गंभीर रुग्णात साधारणपणे चार चित्रे दिसतात: चढलेला रक्तदाब, वेगाने धावणारी नाडी, फुप्फुसांत पाणी, आणि शेवटी खालावलेल्या रक्तदाबासह शॉक. ही एकामागून एक येतात किंवा एखादी वगळूनही येतात. लहान मुलांत हा प्रवास अधिक जलद होतो. शरीराच्या मानाने विषाची मात्रा त्यांच्यात मोठी पडते.

पूर्वीचे ज्ञान

विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी होते, ही गोष्ट अगदीच अज्ञात नव्हती. १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पी. एम. मुंडले यांचे विंचूदंशाविषयीचे लेखन प्रसिद्ध झाले होते. इस्रायलमध्ये मोशे गेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये विंचूदंशातील हृदयस्नायूची इजा व हृदय-अकार्यक्षमता यांविषयी लेख प्रसिद्ध केला. तेथील विंचू निराळ्या जातीचा, रुग्णालये सुसज्ज. तरी हृदयावरील परिणाम तोच. तथापि या माहितीतून खेड्यातील डॉक्टरच्या हाती काही उपाय येत नव्हता. वेदनाशामके, ॲलर्जीवरील औषधे, स्टिरॉइड, ॲट्रोपिन, झोप आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, हृदय-अकार्यक्षमतेचे नेहमीचे औषध म्हणून डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारी औषधे, असे जे हाताशी असे ते दिले जाई. पश्चिम भारतातील गंभीर रुग्णांत त्या काळी २५ ते ३० टक्के मृत्यू होत, असे बावस्करांच्या लेखनात नमूद आहे.

बिरवाडी ते महाड

हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्यातील जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे, शेतकरी कुटुंबातील. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन १९७६ साली, पंचविशीच्या सुमारास, ते तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. (कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ मध्ये झाले.) बिरवाडी हे महाडजवळचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. भोवतालच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. रुग्णाला डोलीतून किंवा खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागे.

तरुण डॉक्टराने येथे केलेले पहिले काम साधे होते आणि तेच महत्त्वाचे ठरले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा, घाम केव्हा, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब व नाडी दर थोड्या वेळाने किती, फुप्फुसांत आवाज केव्हा ऐकू येऊ लागला. महागडे यंत्र नव्हते. या नोंदींतून दिसले की फुप्फुसांत पाणी होण्याआधी काही ठरावीक खुणा उमटतात. १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लाल विंचवाच्या दंशातील हृदयविषयक पूर्वसूचक लक्षणांवरील लेख प्रसिद्ध झाला. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील निरीक्षणांना जागतिक दर्जाच्या नियतकालिकात असे स्थान मिळणे त्या काळी विरळच होते. आजही फारसे सामान्य नाही.

मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.डी. ही पदव्युत्तर पदवी घेतली व शहरात व्यवसाय न थाटता पुन्हा त्याच भागात, पोलादपूर व पुढे महाड येथे, काम सुरू केले. पत्नी डॉ. प्रमोदिनी या पुढील बहुतेक संशोधनलेखांत सहलेखिका आहेत. त्यांचा उल्लेख अनेक वृत्तांतून गळतो, तो योग्य नाही.

प्राझोसिन

रोगाचे कारण आवळलेल्या धमन्या हे असेल, तर हृदयाला चाबूक मारण्याऐवजी धमन्या सैल कराव्यात, हा विचार येथे निर्णायक ठरला. तो हृदयरोगशास्त्रात त्या दशकात नव्यानेच रुजत होता. पुढचा अडथळा कमी केला की दुर्बल हृदयही अधिक रक्त ढकलू शकते, हे हृदय-अकार्यक्षमतेच्या इतर प्रकारांत दिसू लागले होते. बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून देण्याचे औषध वापरून पाहिले. परिणाम उत्तम होता. परंतु हे औषध थेंबाथेंबाने, प्रकाशापासून झाकून आणि क्षणोक्षणी रक्तदाब मोजत द्यावे लागते. मात्रा किंचित वाढली तरी रक्तदाब कोसळतो. अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी, रात्री एका परिचारिकेच्या भरवशावर, ते सर्वांसाठी चालवणे शक्य नव्हते.

प्राझोसिन ही रक्तदाबावरील तोंडाने घेण्याची गोळी. नॉरॲड्रेनॅलिन ज्या ठिकाणी जाऊन धमनी आवळते त्या जागेस अल्फा-१ ग्राही म्हणतात. प्राझोसिन नेमके तेच अडवते. म्हणजे विषामुळे सुटलेल्या संप्रेरकाचा पूर चालू असला तरी धमनीच्या दारावर कुलूप बसते. धमन्या व शिरा दोन्ही सैलावतात, हृदयापुढील अडथळा आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा भार दोन्ही घटतात, आणि नाडी मात्र फारशी वाढत नाही. इन्शुलिनचा दबलेला स्रावही या औषधाने मोकळा होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९८६ मध्ये बावस्कर दांपत्याने या उपचारासंबंधीचा लेख ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, १९९२ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्येही त्यांचा याच विषयावरील लेख आला. प्राझोसिनच्या वापरानंतर गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले, असे त्यांनी नोंदवले आहे. मृत्यूच्या या दोन आकड्यांची तुलना वेगवेगळ्या कालखंडांतील रुग्णांची आहे आणि मधल्या काळात रस्ते, वाहने व सलाईनची सोय हेही सुधारले, हे लक्षात घेतले तरी फरक इतका मोठा आहे की केवळ त्या कारणांनी तो स्पष्ट होत नाही.

रूढ मात्रा प्रौढांस ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, व मुलांस वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० मायक्रोग्रॅम अशी आहे. हातपाय कोरडे व ऊबदार होईपर्यंत ती काही तासांच्या अंतराने पुन्हा दिली जाते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब अचानक उतरण्याची शक्यता असल्याने रुग्णाला झोपवून ठेवतात. मुलांना कडेवर उभे धरू नये, असे पालकांना बजावले जाते. स्वायत्त वादळाची लक्षणे नसताना, निव्वळ कळ असताना, हे औषध देत नाहीत. तेव्हा दंशाच्या जागी बधिर करणारे इंजेक्शन व साधे वेदनाशामक पुरते. गोळी स्वस्त व तोंडाने घ्यायची असली तरी ती घरी साठवून स्वतःच्या मनाने घेण्याजोगी नाही. रक्तदाब मोजता येईल अशा ठिकाणी, डॉक्टरच्या देखरेखीखालीच ती देणे अपेक्षित आहे.

रक्तदाब आधीच खालावलेला असून फुप्फुसांत पाणी भरलेले असेल, तर चित्र बदलते. अशा वेळी हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारे डोब्युटामिन शिरेतून द्यावे लागते, प्राणवायू व प्रसंगी श्वसनयंत्राचा आधार लागतो. हे मोठ्या रुग्णालयाचे काम आहे. वादळ शमल्यावर हृदयाची शक्ती काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ववत होते, असे इकोकार्डिओग्राफीने केलेल्या पाहण्यांत दिसले आहे.

प्रतिविषाचा प्रश्न

सापाच्या विषावर जसे प्रतिविष आहे तसे लाल विंचवाच्या विषावरही आहे. घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून ते मिळवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेशी या कामाचा जुना संबंध आहे. त्याच्या उपयोगाविषयी दीर्घकाळ वाद होता. विष चेतातंतूंना चिकटून संप्रेरकांचा पूर सुटला, की उरलेले विष निष्प्रभ करून काय साधणार, असा आक्षेप. तर विष जितके लवकर निष्प्रभ होईल तितका पूर लवकर ओसरेल, असा उलट पक्ष. बावस्कर आरंभी प्राझोसिनच्या बाजूचे होते.

२०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीने या वादात भर घातली. महाड येथील रुग्णालयात दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे स्वायत्त वादळाची लक्षणे असलेल्या ७० रुग्णांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी केली. ३५ जणांना प्रतिविष व प्राझोसिन, ३५ जणांना केवळ प्राझोसिन. दहा तासांच्या अखेरीस पहिल्या गटातील ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यातील ८. पूर्ण बरे होण्यास लागलेला सरासरी काळ अनुक्रमे ८ तास व १७.७ तास होता. ज्या संशोधकांचे नाव प्राझोसिनशी जोडले गेले, त्यांनीच स्वतःच्या आवडत्या औषधाच्या मर्यादेची मोजणी करून ती प्रसिद्ध केली, ही बाब आकड्यांइतकीच महत्त्वाची मानावी लागेल. मात्र ही एकाच रुग्णालयातील चाचणी होती आणि कोणाला कोणते औषध दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. शिवाय प्रतिविष सर्वत्र, सर्व वेळी उपलब्ध नसते. त्यामुळे प्राझोसिनचे स्थान अबाधित राहिले आहे.

अपायकारक उपचार

ॲट्रोपिन हे औषध घाम व लाळ थांबवते म्हणून पूर्वी दिले जाई. ते केवळ परानुकंपी बाजू दाबते. अनुकंपी जोर त्यामुळे अधिकच मोकाट होतो. स्टिरॉइडे व ॲलर्जीची औषधे यांचा लाभ दिसलेला नाही, कारण ही ॲलर्जी नव्हे. नाडी वेगवान दिसते म्हणून बीटा ग्राही अडवणारी औषधे देणे धोक्याचे असते. उलट्या व घामाने पाणी कमी झालेल्या रुग्णाला सलाईन न देणे जसे चुकीचे, तसे फुप्फुसांत पाणी असताना ते बेताविना देणेही चुकीचेच. तारतम्य येथे डॉक्टरच्या कानाला लावलेल्या स्टेथोस्कोपवर अवलंबून असते.

गावठी उपायांत मंत्र घालणे, विंचू उतरवणे, दंशावर पाला किंवा चुना लावणे, चिरा देणे, दोरी आवळून बांधणे हे प्रकार आढळतात. मांत्रिकाच्या यशाचे रहस्य साधे आहे: बहुसंख्य दंश आपोआप बरे होतात. ज्यांत उपाय खरोखर हवा असतो त्या थोड्या रुग्णांचे पहिले तास मात्र या खटाटोपात जातात. श्रद्धेची टिंगल करून हा प्रश्न सुटत नाही, असे ग्रामीण डॉक्टरांचे म्हणणे असते. मांत्रिकालाच घाम, उलटी व गार हातपाय ही लक्षणे समजावून रुग्ण पुढे पाठवण्यास सांगणे अधिक उपयोगी पडते.

जागतिक संदर्भ

शिपो व गोयफाँ या फ्रेंच संशोधकांनी २००८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १२ लाख विंचूदंश व ३,२५० हून अधिक मृत्यू होतात. उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व, मेक्सिको, ब्राझील व भारत हे प्रमुख प्रदेश. सर्वच विंचू हृदयावर घाला घालत नाहीत; उत्तर अमेरिकेतील विषारी जातीत चेतासंस्थेची लक्षणे, जसे डोळ्यांची अनियंत्रित हालचाल व स्नायूंचे झटके, अधिक ठळक असतात. म्हणून एका देशाचा उपचार दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू होतो असे नाही.

हिंमतराव बावस्कर यांना भारत सरकारने २०२२ मध्ये पद्मश्री देऊन गौरविले. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे मराठी आत्मकथन आहे.

उरण परिसराच्या संदर्भात

उरण तालुका रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे आणि महाडपेक्षा मुंबईशी त्याचे दळणवळण अधिक. बंदर, मिठागरे, सिडकोच्या वसाहती ही तालुक्याची आजची ओळख असली तरी पूर्वेकडील डोंगरांच्या कुशीतील चिरनेर, पुनाडे यांसारख्या गावांत भातशेती, पेंढा, सरपण व दगडी बांध अजून आहेत. बांधकामासाठी रचलेल्या विटा, फरश्या व भरावाचे दगड ही विंचवाला आसरा देणारी नवी ठिकाणे ठरू शकतात. अशा कामांवर अनवाणी किंवा स्लीपर घालून वावरणाऱ्या, जवळच झोपड्यांत जमिनीवर झोपणाऱ्या मजुरांना दंशाचा संभव अधिक. उरण शहरात इंदिरा गांधी ग्रामीण रुग्णालय आहे. उपनगरी रेल्वे व अटल सेतू ही दोन्ही २०२४ च्या जानेवारीत सुरू झाल्यामुळे मोठ्या रुग्णालयांपर्यंतचे अंतर पूर्वीपेक्षा कमी वेळात कापता येते.

घारापुरी बेटाची गोष्ट वेगळी. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांचे हे बेट उरण तालुक्यात मोडते. समुद्राखालून तारा टाकून तेथे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये, आणि रुग्णाला आजही होडीने किंवा लाँचनेच मुख्य भूमीवर आणावे लागते. रात्रीची वेळ, भरती-ओहोटी व पावसाळ्यातील खवळलेला समुद्र यांचा हिशेब अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंतच्या त्या मुदतीत धरावा लागतो. डोंगरवाड्यांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून पहिली गोळी देऊन मग रुग्ण पुढे पाठवणे, हा प्राझोसिनचा मोठा लाभ अशाच ठिकाणी दिसून येतो.

दवाखान्यात पोहोचल्यावर नातेवाइकांनी पुढील गोष्टी सांगणे उपयुक्त ठरते: दंशाची शक्य तितकी नेमकी वेळ; त्यानंतर किती उलट्या झाल्या; घाम आला का व केव्हापासून; हातपाय गार पडले का; आधी कोणते औषध, इंजेक्शन किंवा गावठी उपाय झाला. विंचू मारून आणण्याची आवश्यकता नसते. तो लाल होता की काळा, नांग्या बारीक होत्या की जाड, इतके आठवले तरी पुरते. लक्षणे नसलेल्या रुग्णालाही, विशेषतः लहान मुलाला, काही तास देखरेखीखाली ठेवण्याची पद्धत आहे, कारण घाम व उलटी उशिराने सुरू झाल्याची उदाहरणे आढळतात.